आधी तूप की आधी वरण?

गरम भाताची मूद, तिच्यावर वरण आणि वरणावर तूप. आत्याच्या घरात हाच क्रम. मी भातावर आधी तूप घेते, ते मुरू देते आणि मग वरण. गौरीच्या जेवणाला पनवेलला, वडाळे तळ्याजवळच्या आत्याच्या घरी पंगत बसली. वरणाचं पातेलं माझ्यापाशी आलं तेव्हा मी पानावर हात आडवा धरून म्हणाले, "आधी तूप." आत्याने ऐकलं, हसली आणि वरणच वाढलं. पाहुणे पांगल्यावर मी तिला गाठलं.

"आत्या, ताट माझं, जेवणार मी. मग क्रम तुझा का?"

"कारण पंगत सगळ्यांची. एकीला वेगळं वाढलं की पंक्तिप्रपंच होतो. आज तू तूप आधी मागितलंस, उद्या कुणी दुप्पट मागेल. जो गप्प बसेल त्याच्या पानावर मग थेंबच."

"दुप्पट मागणं वेगळं. मी तेवढंच तूप मागत होते, फक्त थोडं लवकर."

"लवकर आणि उशिरा यांत काही फरक नाही असं तुला वाटलं असतं, तर मागितलंच नसतंस."

हे खरं होतं. 'पोटात जाऊन सगळं एकच होतं' असं म्हणून जे हा वाद मिटवतात त्यांचं मला कधीच पटलेलं नाही. चव पोटात कळत नाही, ती जिभेवर आणि नाकात कळते, आणि तिथे क्रमाने फरक पडतो. वाफाळत्या भातावर तूप आधी घातलं तर ते शितांना लागतं. मग वरण लगेच शोषलं जात नाही, शीत मोकळं राहतं. वरणावर घातलेलं तूप पाण्याहून हलकं म्हणून वर तरंगतं, उन्हाने वितळावं तसं पसरतं आणि पहिल्या घासाआधीच त्याचा वास नाकाशी येतो. एकात तूप भाताचं होतं, दुसऱ्यात ते वरणाचं होतं. हे दोन वेगळे घास आहेत, आणि ज्याने मन लावून रांधलंय त्याच्यापुढे 'काय फरक पडतो' म्हणणं हा मला त्या रांधण्याचा अनादर वाटतो.

मी आत्याला इंग्लंडमधलं सांगितलं. तिथे डेव्हन आणि कॉर्नवॉल हे शेजारी परगणे. दुपारच्या चहाबरोबर स्कोन नावाचा, पाव आणि केक यांच्या मधला एक प्रकार खातात. डेव्हनवाले त्याच्यावर आधी घट्ट साय लावतात, वर जॅम. कॉर्नवॉलवाले आधी जॅम, वर साय. २०१८ साली कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक या जुन्या वाड्याच्या जाहिरातीत साय खाली आणि जॅम वर असा फोटो आला. तिथल्या लोकांनी एवढा गहजब केला की वाड्याच्या व्यवस्थापनाला माफी मागावी लागली.

"त्यांची कारणं काय?" आत्याने विचारलं. ती निवृत्त शिक्षिका आहे. आधी कारण, मग मत.

"डेव्हनवाले म्हणतात, साय लोण्याच्या जागी आहे आणि पावाला लोणी आधीच लावतात. कॉर्नवॉलवाले म्हणतात, कोमट स्कोनवर जॅम सहज पसरतो, आणि साय वर असली की डोळ्यांना दिसते, वितळून जात नाही."

"दोघांचं बरोबर आहे. आणि तुझं काय? तू डेव्हनची. स्निग्ध आधी."

"आणि तू कॉर्नवॉलची."

"मी पनवेलची," ती म्हणाली. "आपल्याकडे क्रमाचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत जेवणात गोड आधी, मधे आंबट-खारट आणि मग बाकीचे रस, असं सांगितलंय. वैद्य औषध देतो तेव्हा नुसतं चूर्ण देत नाही. जेवणाआधी की नंतर, मधाबरोबर की तुपाबरोबर, तेही सांगतो. मध आणि तूप समान वजनाने घेतलं तर चरकाच्या मते ते विरुद्ध. १८७२ पासून धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधं ज्या गावात तयार होतात, तिथे तरी 'आधी-नंतर'ला कुणी क्षुल्लक म्हणू नये."

"मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. अनुपान रोग्यागणिक बदलतं. वैद्य पंगत बसवून सगळ्यांना एकच पुडी देत नाही."

यावर ती थांबली. खरा पेच इथे होता. मी माझ्या ताटापुरतं बोलत होते आणि ती पंगतीपुरतं. ताटाचा धर्म आवड, पंगतीचा धर्म समता, आणि दोन्ही एकाच वेळी पाळायचे म्हटले तर वाढणारीने करायचं काय?

"पंगतीच्या समतेचं तू एवढं सांगतेस," मी म्हणाले, "पण पंगतीत कुणाला बसू द्यायचं, याचाही एक क्रम होताच की. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतरांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं 'पुणेवैभवा'त छापून आणली, ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कपभर चहासाठी! एकदा का 'हेच बरोबर' म्हणून ठरवलं की शेवट तिथेच होतो."

"शेवट तिथे झाला नाही. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. चहात पाप आहे असं त्यांना वाटत होतं म्हणून घेतलं का?"

"नाही. मित्रांच्या घरची अडचण सुटावी म्हणून. पण सुधारकांनी त्यांना त्याबद्दल बोल लावला आणि माझ्या मते रास्तच लावला. प्रत्येक माघारीने बहिष्कार घालणाऱ्यांचं बळ वाढतं."

"आणि माझ्या मते ती माघार नव्हती, दुसऱ्याचं ओझं उचलणं होतं. पण ते राहू दे. ग्रामण्यात आणि माझ्या वरणात फरक आहे की नाही? तिथे म्हणत होते, तुम्ही चहा घेतलात, आता आमच्यात नाही. मी तुला पानावरून उठवलं का?"

"नाही. पण विचारलंही नाहीस."

"नाही विचारलं." तिने ते लगेच कबूल केलं. "सवय झालीय. त्या सवयीचं कारण सांगते. माझ्या लहानपणी बायका शेवटी बसायच्या. आईच्या पानावर तूप आधी पडलं की नंतर, हा प्रश्नच नव्हता, कारण तोवर भांडं खरवडून झालेलं असायचं. आधी की नंतर हे ज्यांना विचारता येतं ते आधी बसलेले असतात, हे विसरू नकोस. म्हणून मी वाढायला उभी राहिले की डोळ्यांपुढे एकच, कुणाचं पान तुपावाचून राहू नये. सगळ्यांना एका क्रमाने वाढलं की कुणी सुटत नाही. वाढणारीच्या हाताला ती शिस्त लागते."

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेखी क्रम म्हणजे चव, तिच्या लेखी मोजदाद. तिचं कारण माझ्या कारणापेक्षा मोठं आहे हे मला मान्य करावंच लागलं. पण मोठं कारण मान्य केलं म्हणून लहान कारण खोटं ठरत नाही, आणि तेही मी तिला सांगितलं.

"आत्या, आजच्या पंगतीत तूप संपलं नव्हतं. बायकाही सगळ्यांबरोबर बसल्या होत्या. ज्या अन्यायासाठी ही शिस्त आली तो या घरात तरी संपला. मग आता तरी विचारायला हरकत काय? एवढ्या वर्षांनी तुपाचं भांडं सगळ्यांना पुरतंय, तर त्यानंतरची पायरी आवड विचारणं हीच नाही का?"

"वीस माणसांना विचारत बसलं तर भात निवेल."

"मग मागेल त्याला द्यावं. मी मागितलं होतं."

"तू मागितलंस, कारण तू घरची. तुझ्याशेजारी बसली होती ती खालच्या मजल्यावरची मल्याळी मुलगी. तिने मागितलं असतं का?"

हा प्रश्न पनवेलमध्ये आता रोजचा आहे. ज्या गावाच्या आसपास भाताची खाचरं होती, तिथे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोची कामोठे, कळंबोली, खारघर ही उपनगरं उभी आहेत आणि एका जिन्यावर चार प्रांतांचा भात शिजतो. योगायोग असा की केरळच्या सद्येतही भातावर आधी परिप्पू म्हणजे डाळ, आणि तिच्यावर तूप. त्या मुलीला आत्याचा क्रम परका वाटला नसेल. पण वाटला असता तरी ती बोलली नसती. पाहुणी गप्प राहते, म्हणून तिची आवड नाहीच असं समजायचं का? आणि घरच्या मुलीने हट्ट करून स्वतःचा क्रम मिळवला, तर ते स्वातंत्र्य म्हणायचं की घरचेपणाचा फायदा? मला याचं उत्तर अजून नीट सुचलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की फक्त बोलक्यांना मिळणारी सूट ही सूट नसते. विचारायचं तर सगळ्यांत गप्प बसणाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

"पुढच्या गौरींना मी वाढते," मी म्हणाले. "आधी त्या मुलीला विचारेन, मग बाकीच्यांना. तू पहिल्या पंगतीत बस."

"बसेन. मला मात्र विचारू नकोस. वरण, मग तूप."

"तुलाही विचारणार. नियम म्हणजे नियम."

"बरं, विचार. उत्तर तेच असेल. तरंगत्या तुपाचा वास तुला कळत नाही, त्याला मी काय करू?"

"आणि मोकळं शीत तुला कळत नाही. बरं, आत्या, मेतकूट-भाताला काय करतेस? तिथेही तूप शेवटी?"

"छे! तिथे आधी. कोरडं पीठ तुपाशिवाय भाताला धरेल कसं?"