पेरणी कोणासाठी?



गुरुवारच्या सत्संगानंतर आम्ही भगिनी प्रसादाची भांडी घासत होतो. तेव्हा एका काकूंनी मनातलं सांगितलं. त्यांचे लेक-जावई अमेरिकेत, टेक्सासला असतात. जावयांनी तिथे जमीन घेतली आणि हरणं राखतात, हे ऐकून काकू खूश झाल्या होत्या. मग कळलं, राखतात ती शिकारीसाठी. "आता त्यांच्या घरी जाऊन मी जेवू कशी?" काकूंचा गळा दाटून आला.

आम्ही एकदम म्हणालो, "छे, हे तर पापच!" पण माहिती घेतली तसं ते इतकं सोपं वाटेना.

टेक्सासमधली ९० टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी मालकीची आहे. म्हणजे हरणांना रान राहणार की नाही, हे बरंचसं जमीनमालकाच्या हाती. शेतजमीन वन्यप्राण्यांसाठी राखली तरी शेतीची करसवलत टिकावी, अशी सोय तिथे १९९५ मध्ये झाली. मालक दाट झुडपं विरळ करतात, पाणवठे बांधतात, हरणांसाठी ओट, चवळी आणि चक्क आपला वालही पेरतात! आणि हंगाम आला की तिथेच मचाणावर बंदूक घेऊन बसतात. शिंगं मोठी व्हावीत म्हणून नराला काही वर्षं सोडतात; संख्या आवरायला माद्या मारतात. लांडगे माणसाने केव्हाच संपवले. आता हरणं फार वाढली, तर रान ओरबाडून शेवटी तीच उपाशी मरतात.

आणखी एक गोष्ट. १९०० च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती. आज ती कोट्यवधी आहेत. १९३७ च्या कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी येतो.

मग याला दया म्हणायचं का? आम्हाला वाटतं, नाही. सांभाळ खरा आहे, हरणाचं पोटही खरंच भरतं. पण पेरणाऱ्याची नजर वालाच्या वेलावर नसते, शिंगांवर असते. फळ चांगलं आलं म्हणून हेतू शुद्ध होत नाही.

हे बोलून आम्ही थांबलो, कारण पुढचा प्रश्न आपल्याच दारात उभा होता. गायीला आपण माता म्हणतो, पहिली पोळी तिला देतो. आणि दूध आटलं की? गोऱ्हा झाला की? रस्त्यावर प्लास्टिक चघळणारी ती जनावरं कोणाची? शिकारी निदान आपला हेतू लपवत नाही. आपण दूध पिऊन हात पुसतो.

म्हणजे शिकार बरोबर ठरली असं नाही. आपण बंदूक उचलणार नाही, ते अन्नही घेणार नाही. पण जावयांना पापी ठरवून लेकीचं दार बंद करणं, हीसुद्धा हिंसाच नाही का?

काकू जाणार आहेत. तिथे स्वतःचा वरणभात करतील आणि जावयांना प्रेमाने एकच मागतील: "वालाचा एक तुकडा असा पेरा, जिथे मचाण नसेल."

आपणही या आठवड्यात परतफेडीची आशा न ठेवता एक सेवा करून पाहू या. दूध न देणाऱ्या गायीला चारा घालू या. फोटो मात्र ग्रुपवर नको!

जय गुरुदेव.