टाकीचें रूप आणि टाकींतलें पाणी

वसईच्या पूर्वेस वालीव म्हणून गांव आहे. गांव म्हणावें तर आतां तें गांव राहिलेलें नाहीं. जिकडे पाहावें तिकडे लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे उभे आहेत. अशाच एका गाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी दिवसभर लेथवर लोखंड कातीत असतो, आणि सायंकाळीं घरीं आला म्हणजे चष्म्यावर आणखी एक भिंग चढवून आगगाडीचे चिमुकले डबे बनवीत बसतो. तेही उतारूंचे डबे नव्हेत. त्याला नाद आहे तो तेल वाहून नेणाऱ्या टाक्यांचा. वसई रोडहून दिव्याकडे जो फांटा जातो त्यावर जूचंद्राच्या बाजूस उभें राहून तो लहानपणीं मालगाड्यांचे डबे मोजीत असे. त्या मोजणींतूनच हा छंद उपजला असावा.

आम्ही पेशानें तत्त्वज्ञानाचे शिक्षक. अशा छंदाकडे पाहण्याची आमची दृष्टि कांहींशी तुच्छतेची होती, हें कबूल केलें पाहिजे. प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दहाव्या भागांत नक्कल करणाऱ्याला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर उभें केलें आहे. पलंगाची मूळ कल्पना ही पहिली पायरी, सुतारानें केलेला पलंग ही दुसरी, आणि चित्रकारानें रंगविलेला पलंग ही तिसरी. पंचवीस वर्षें आम्ही वर्गांत हेंच सांगत आलों. तेव्हां वालीवच्या त्या खोलींत फळीवर मांडलेल्या टाक्या पाहून आमच्या मनांत प्लेटोचा चित्रकारच उभा राहिला, यांत नवल नाहीं.

तथापि जवळ जाऊन पाहिल्यावर आमचें मत थोडें डळमळलें. त्या एका फळीवर टाकीच्या डब्याचा सारा इतिहास मांडलेला होता. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत खनिज तेल निघूं लागल्यावर 1865 सालीं डेन्समोर बंधूंनीं सपाट डब्यावर दोन मोठीं लांकडी पिंपें उभीं करून तेल नेलें. तीं उभीं असल्यामुळें डब्याचा तोल राहीना, आणि लांकूड पाझरे. चारपांच वर्षांच्या आंतच त्यांची जागा आडव्या लोखंडी टाकीनें घेतली. उन्हानें तेल फुगतें, त्यास वाव असावा म्हणून टाकीच्या पाठीवर एक घुमट ठेवीत. पुढें रचना सुधारली आणि तो घुमटही गेला. आपल्याकडे पूर्वीं चार चाकांच्या टाक्या असत, पुढें आठ चाकांच्या आल्या. हें सर्व त्या मुलानें 1:87 या प्रमाणांत, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यानें, पितळ आणि प्लॅस्टिक यांत उतरविलें होतें. टाकीवर चढण्याची शिडी, वरचें झांकण, ब्रेकचें चाक, कशांतही उणें म्हणून नव्हतें.

“यांत खोटें असें कांहींच नाहीं काय?” आम्हीं विचारलें. तो हंसला आणि म्हणाला, “आहे ना सर. रूळच खोटे आहेत.” आपल्या देशांतील रुंद रुळांमधलें अंतर 1676 मिलिमीटर, सत्त्याऐंशींनीं भागल्यास तें एकोणीस मिलिमीटरांहून थोडें अधिक येतें. परंतु या प्रमाणाचे जे रूळ बाजारांत मिळतात ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरांच्या रुळांवरून केलेले असल्यामुळें त्यांचें अंतर साडेसोळा मिलिमीटर. म्हणजे त्याच्या साऱ्या टाक्या परक्या रुळांवर उभ्या होत्या. पुण्यास कोथरुडांत लहान रेल्वेचें जें जोशी यांचें संग्रहालय 1998 पासून आहे तें पाहतांना असला प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नव्हता.

रुळांची ही लबाडी क्षम्य आहे. ती करणाऱ्याला ठाऊक आहे आणि तो ती लपवीत नाहीं. पण आणखी एक लबाडी आहे, आणि ती कोणा कारागिराची नसून गणिताची आहे. लांबी 87 पटींनीं घटली कीं पृष्ठभाग 87 गुणिले 87, म्हणजे 7569 पटींनीं घटतो. आणि आंत मावणारा ऐवज 6,58,503 पटींनीं घटतो. आजच्या आठ चाकी टाकींत पेट्रोल सुमारें 70 हजार लिटर मावतें. तिची हुबेहूब प्रतिकृति तेलानें कांठोकांठ भरली तर तींत शंभर मिलिलिटरांहून थोडें अधिक राहील. इतर वस्तूंच्या बाबतींत हें फारसें जाणवत नाहीं. देवळाची प्रतिकृति केली तर शिखराचा डौल बराचसा शिल्लक राहतो. परंतु टाकी हें भांडें आहे. भांड्याचें प्रयोजन त्याच्या पोटांत असतें. आणि प्रतिकृति करतांना नेमकें तें पोटच सर्वांत अधिक हरवतें.

हा हिशेब आम्हीं गंमत म्हणून मांडला होता. त्याची गंमत कशी नाहींशी झाली तें आतां सांगतों.

2016 सालच्या उन्हाळ्यांत लातूर शहराचें पाणी संपलें. मांजरा धरण आटलें, आणि पाण्याच्या टाक्यांभोंवतीं दंगे होऊं नयेत म्हणून जमावबंदी लावण्याची पाळी आली. तेव्हां तेलाच्या टाक्यांचे डबे राजस्थानांत कोट्याच्या कारखान्यांत वाफेनें धुऊन मिरजेस आणिले, त्यांत कृष्णेचें पाणी भरलें, आणि 12 एप्रिल रोजीं दहा डब्यांची पहिली गाडी साडेतीनशें किलोमीटरांच्या सुमारास प्रवास करून लातूरला पोंचली. तिला ‘जलदूत’ असें नांव पडलें. दर डब्यांत सुमारें 50 हजार लिटर, असें एकंदर 5 लाख लिटर पाणी त्या दिवशीं आलें. पुढें गाडी पन्नास डब्यांची झाली. पेट्रोल 70 हजार लिटर मावणाऱ्या टाकींत पाणी इतकें कमी कां, असें वाचक विचारतील. पाणी तेलाहून जड. चाकांना पेलेल तितकेंच भरावें लागतें. तहानलेल्या शहराकडे निघालेल्या त्या टाक्या वरच्या अंगानें रित्याच होत्या.

आमची थोरली बहीण त्या वर्षीं लातुरांत राहत होती. गेल्या दिवाळींत ती आमच्याकडे आली असतां आम्ही तिला घेऊन वालीवला गेलों. आमच्या विद्यार्थ्यानें नुकतीच जलदूताच्या एका डब्याची प्रतिकृति पुरी केली होती आणि ती अक्कांना दाखविण्याची त्याला मोठी हौस होती. तिनें डबा तळहातावर घेतला. “अगदी तशीच आहे रे,” असें म्हणाली. मग तिनें तो उलटा करून पाहिला. खालची बाजू सपाट होती.

“पाणी कुठून काढायचं, बाळा?”

टाकी वरून भरतात आणि तळाच्या झडपेंतून रिकामी करितात. ती झडप त्यानें केलेली नव्हती. “अक्का, फळीवर ठेवल्यावर खालचं कांहीं दिसत नाहीं ना,” तो म्हणाला.

“हो, खरंच,” ती म्हणाली. “आम्ही मात्र स्टेशनांत जाऊन तेवढंच बघत उभ्या होतो.”

तिच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती. तिनें डबा परत दिला आणि चहा झाल्यावर आम्ही निघालों. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप लागेना, आणि त्याचें कारण तो मुलगा नव्हता. कारण असें कीं प्लेटोच्या ज्या भागावर आम्ही इतकीं वर्षें व्याख्यानें देत आलों, त्याच भागांत तीन पायऱ्यांच्या पुढें एक गोष्ट आहे, आणि परीक्षेंत ती कोणी विचारीत नाहीं म्हणून आम्ही ती घाईनें ओलांडून जात असूं. प्लेटो तेथें म्हणतो कीं वस्तूचें खरें ज्ञान बनविणारालाही नसतें. तें असतें वापरणाराला. बांसरी चांगली कीं वाईट हें वाजविणारा सांगतो, आणि बनविणारानें त्याचें ऐकावयाचें असतें. आमच्या बहिणीनें एका वाक्यांत आम्हांस तो राहिलेला पाठ पुरा करून दिला.

कोणी म्हणेल, ही भावनेची भाषा झाली. कोणतीही प्रतिकृति कांहींतरी वगळल्यावांचून होत नाहीं. तळाची झडप वगळली म्हणून काय अनर्थ झाला? आणि झडप घातली म्हणून त्या टाकींतून लातूरची तहान थोडीच दिसणार आहे? आक्षेप रास्त आहे. लातूरच्या एका डब्यांतलें 50 हजार लिटर पाणी त्या प्रमाणांत उतरविलें तर तें अर्धी वाटी होतें. माणशीं रोज वीस लिटर धरले तर अडीच हजार माणसांचा एक दिवस त्या अर्ध्या वाटींत मावला पाहिजे. तो मावत नाहीं, आणि कोणत्याही कौशल्यानें मावणार नाहीं.

परंतु वगळणें अटळ आहे म्हणून कोणतेंही वगळणें सारखेंच, असें मात्र नव्हे. काय दिसतें आणि काय दिसत नाहीं हें पाहणारा कोठें उभा आहे यावर ठरतें. फलाटावर उभा असलेला मुलगा टाकीची गोलाई पाहतो. घागर घेऊन आलेली बाई तिचा तळ पाहते. आणि जी टाकी एकास पाणी देते तीच दुसऱ्यास भस्म करूं शकते. 2013 सालीं कॅनडांत लाक-मेगांतिक या लहानशा शहरांत कच्च्या तेलाच्या टाक्यांची गाडी उतारावरून सुटून रुळांवरून घसरली आणि 47 माणसें मृत्यूमुखीं पडलीं. तेथील लोक टाकीच्या डब्याकडे पाहतील तेव्हां प्रथम तिचा पत्रा किती जाड आहे हें पाहतील. तिघांची दृष्टि खरीच आहे. परंतु प्रतिकृति बहुधा फलाटावरचा मनुष्य करितो, म्हणून इतर दोघांचें त्याला विचारावें लागतें. त्यांचें सर्व कांहीं उतरवितां येणार नाहीं. पण विचारल्यावांचून वगळलेलें आणि विचारून वगळलेलें यांत अंतर आहे, आणि आमच्या मतें कारागिराचा प्रामाणिकपणा त्या अंतरांत आहे, रिव्हेटांच्या मोजणींत नाहीं.

हें आम्ही कारागिराविषयीं म्हणतों खरें. पण आम्ही शिक्षकही प्रतिकृतीच करीत असतों. दुष्काळ, दारिद्र्य, न्याय, यांचीं लहान लहान सुबक रूपें करून आम्ही तीं वर्गांत फळीवर मांडतों, आणि तीं उलटीं करून पाहणारें कोणी आमच्या वर्गांत क्वचितच येतें. वालीवच्या रस्त्यावरून रोज पाण्याचे टँकर जातात. त्यांच्या मागच्या नळाकडे आम्हीं कधीं निरखून पाहिलें नव्हतें.

गेल्या महिन्यांत त्या मुलाकडे पुन्हां जाणें झालें. त्यानें जलदूताचा डबा सोडवून खालची झडप आणि तिचा नळ केला होता. पंधरा दिवस लागले म्हणाला. डबा फळीवर पूर्वींच्याच जागीं होता आणि समोरून पाहतां झडप दिसत नव्हती. “अक्कांना सांगाल का सर?” त्यानें विचारलें. आम्ही सांगूं म्हणालों.