दोष द्यावा की सवय द्यावी?

मूल ऐकत नाही तेव्हा त्याला दोष द्यावा, की सवय लावून द्यावी? प्रश्न साधा दिसतो. पण सारा जन्म परिचारिकेचे काम करूनही त्याचे उत्तर आम्हाला घरी, नातवाकडून शिकावे लागले.

आमचा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला ‘केशेव वे-रिकूझ’चा, म्हणजे अवधान व एकाग्रतेचा त्रास असल्याचे येथील डॉक्टरांनी सांगितले आहे. एका शुक्रवारी रात्री जेवताना तो तीनदा उठला, सरबताचा पेला सांडला. आम्ही ओरडलो, “इतके गोड खातोस म्हणूनच अंगात वारे शिरते!” तो रडवेला होऊन म्हणाला, “आजी, मी मुद्दाम नाही करत गं. पाय आपोआप हलतात.”

त्या रात्री आम्हाला कोकणातल्या शाळेतला एक वर्गमित्र आठवला. हुशार, पण घटकाभर स्वस्थ बसत नसे. मास्तर त्याला बाकावर उभे करीत आणि आम्ही सारी पोरे हसत असू.

१९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या या मुलांत त्यांना ‘नैतिक नियंत्रणाचा’ दोष दिसला. आज आपण जाणतो की हा त्रास मेंदूच्या घडणीचा आणि बहुतांशी आनुवंशिक आहे. तरीही ‘नैतिक’ हा शब्द आपल्या मनातून गेलेला नाही. फक्त त्याची जागा साखरेने घेतली आहे.

१९९४ साली अमेरिकेत साखर व वागणूक यांची नीट तपासणी झाली, तेव्हा साखरेने मुले अधिक चंचल झाल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग झाला. मुलाला साखर दिली आहे, असे काही आयांना सांगितले. प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिलेली नव्हती. तरी त्या आयांना आपले मूल जास्त चंचल वाटले, आणि त्यांनी त्याच्यावर टीकाही जास्त केली. वाचकहो, त्या आयांमध्ये आम्ही स्वतःला पाहिले.

मग आरोग्याचे नियम शिकवूच नयेत काय? तसे नव्हे. गोड बेताने खावे ते दातांसाठी व वजनासाठी, शिक्षा म्हणून नव्हे. या वयाच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी आणि दिवसाकाठी सरासरी तासभर धावणे-खेळणे हवे. औषध चालू असेल तर भूक मरते, म्हणून गोळीपूर्वी पोटभर न्याहारी द्यावी. गोळीने झोप लांबत असल्यास डॉक्टरांना सांगावे. सूचना एका वेळी एकच, थोडक्या शब्दांत द्यावी. आणि खोडी केली म्हणून त्याची खेळाची सुट्टी कधीही काढून घेऊ नये. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच हालचाल आपण बंद करतो.

या सवयींनी त्रास मुळापासून जात नाही, आणि त्या औषधाची जागाही घेत नाहीत. त्या प्रत्येक मुलाच्या हक्काच्या आहेत. इतर मुले त्या पाहून उचलतात. या मुलाला मात्र त्या रोज हात धरून द्याव्या लागतात. म्हणून नियम घराचा असावा, एकट्या मुलाचा नव्हे. आमच्या घरी रात्री आठनंतर सर्वांचे फोन कपाटात जातात. पहिल्या आठवड्यात हा नियम दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा आम्हीच मोडला! नातवाने आम्हाला दोष दिला नाही; नुसते कपाटाकडे बोट दाखवले.

मूल जबाबदारी शिकू शकते, पण अपराधी ठरवलेले मूल फक्त लपवायला शिकते, असे आमचे नम्र मत आहे. बाकावर उभ्या असलेल्या त्या मुलाची क्षमा मागायची वेळ आमच्या हातून निघून गेली. तुमच्या घरी तसे मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याला घेऊन जवळच्या बागेत एक फेरी मारून या.