मौन कुणाच्या बाजूचे?



पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती. १२ मे १९८३ रोजी वॉर्सा शहरात परीक्षा संपल्याचा आनंद साजरा करणाऱ्या १८ वर्षांच्या ग्झेगोश प्शेमिकला पोलिसांनी चौकीत नेऊन बेदम मारले. दोन दिवसांनी तो मरण पावला. त्याची कवयित्री आई राजकीय कैद्यांना मदत करीत असे. १९८४ साली पोलीस निर्दोष सुटले. शिक्षा झाली रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना!

असे असत्य एकट्याने टिकत नाही. कुणी सही करतो, कुणी मान डोलावतो, बाकीचे गप्प बसतात.

त्याच्या अंत्ययात्रेत मात्र हजारो माणसे मूकपणे चालली. तेही मौनच, पण ते भीतीचे नव्हते, साक्षीचे होते.

शेजाऱ्यावर अन्याय होताना आपले मौन कोणते असते?