रुळांमधले अंतर

मनमाडला एके काळी दोन वेगळ्या रुंदीचे रूळ येऊन भिडत. मुंबईकडची गाडी १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून येई. निजामाच्या मुलखातून औरंगाबादमार्गे येणारी गाडी अवघ्या एक मीटर रुंदीच्या. प्रवासी गाडी बदलीत, आणि माल या डब्यातून त्या डब्यात हमालांच्या पाठीवरून जाई. मीटर गेज घालायला स्वस्त, रहदारी बेताची असेल तिथे पुरेसे. ब्रॉड गेज महाग, पण दमदार. दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबरच होते. भुर्दंड पडे तो जिथे दोघे भेटत तिथे, आणि तो पोते उचलणाऱ्याला पडे. १९९०च्या दशकात औरंगाबादचा मार्ग रुंद झाला आणि हे प्रकरण मिटले.

संगणकाची कोणती कार्यप्रणाली चांगली, असा वाद हल्ली घरोघर होतो, तेव्हा मला हे रूळ आठवतात. विंडोज, मॅक की लिनक्स? गुणदोषांची यादी कोणीही करील. विंडोजवर प्रिंटर, स्कॅनर, दुकानदाराचे हिशेबाचे पॅकेज, सारे विनातक्रार चालते आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला ती तोंडपाठ असते. ॲपलच्या यंत्रात यंत्र आणि प्रणाली एकाच घरची, त्यामुळे काम देखणे आणि नेटके. पण किमतीने ते आपल्या बहुतेक घरांच्या उंबऱ्याबाहेरच राहते. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जुन्या यंत्रावर ती निमूटपणे चालते; मात्र एखादे विशिष्ट यंत्र जोडायची वेळ आली की शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हाक मारावी लागते. रोजच्या पत्रलेखनाला, बिल भरायला, नातवंडांशी बोलायला यांतली कोणतीही पुरते. मग वाद उरतो कशाचा?

माझ्या मते तो नीतीचा आहे, आणि तो पहिल्यांदा किमतीच्या रूपाने येतो. आपल्याकडे कित्येक वर्षे विंडोजची नक्कल केलेली तबकडी मुक्तपणे हातोहात फिरत असे. रेल्वेच्या गावात वाढलेली, विनातिकीट प्रवासाला नाके मुरडणारी माणसेही ती निःशंक मनाने वापरीत. 'कोणाचे काय जाते?' हा त्यांचा युक्तिवाद. कंपनीचे किती गेले याचा हिशेब मला करायचा नाही. परंतु एक नुकसान सहज दिसते. चोरीची प्रणालीही फुकट आणि मोकळी प्रणालीही फुकट, मग मोकळेपणाला वेगळी किंमत कशी कळावी? लिनक्सचे जे एक गुणवैशिष्ट्य सामान्य माणसाला चटकन पटले असते, ते आपण चोरीनेच पुसून टाकले, आणि रूळ मात्र एकाच मापाचे पसरत गेले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू'ची घोषणा केली ती फुकटेपणासाठी नव्हे. जी वस्तू मी वापरतो तिचे अंतरंग पाहण्याची, बदलण्याची आणि शेजाऱ्याला देण्याची मोकळीक मला असावी, एवढाच त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला आणि त्या आग्रहाला एक चालते यंत्र मिळाले.

माझे एक शेजारी येथल्या रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पुलांच्या गर्डरांत त्यांचे आयुष्य गेले. ते म्हणतात, "अहो, मला तो कोड वाचता येत नाही. या स्वातंत्र्याचे मी काय लोणचे घालू?" मी त्यांना म्हटले, "गर्डरचा नकाशा तरी पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाला कुठे वाचता येतो? पण तो दहा जाणत्यांना तपासता येतो, म्हणूनच प्रवासी डुलकी घेतो." ते हसले, पण त्यांचे उत्तर मला अजून पुरते खोडता आलेले नाही. ते म्हणाले, "तपासणाऱ्याला पगार होता. तुमच्या लिनक्समध्ये काही अडले, तर मला शेजारच्या पोराची मर्जी सांभाळावी लागते. कंपनीचा गुलाम होऊ नये म्हणून पोराचा होऊ काय?"

मराठी लेखकाला तर हे परावलंबन फार जवळून ठाऊक आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा वेगवेगळ्या सोयींनी आपण वर्षानुवर्षे मजकूर टंकला. एकाच्या यंत्रावरचा लेख दुसऱ्याकडे गेला की त्याचे निरर्थक चिन्हांचे कडबोळे होई, आणि छापखान्यातला मुलगा तो पुन्हा टंकीत बसे. मनमाडच्या हमालाचेच काम ते! युनिकोडचे पहिले रूप १९९१चे. त्यात देवनागरी होती. ते अंगवळणी पडायला आपल्याला वर्षे लागली, परंतु आता मी लिनक्सवर लिहिलेला परिच्छेद संपादक विंडोजवर वाचतात आणि अक्षर हलत नाही. येथे कोणतीही प्रणाली जिंकली नाही. रुळांचे माप ठरले.

म्हणून कोणती प्रणाली वापरता यापेक्षा दुसऱ्याला काय पाठवता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरात मी काय वापरावे ही माझी आवड झाली. पण सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त मी अशा स्वरूपात पाठवले, की ते उघडायला समोरच्याने अमुकच विकत घ्यावे, तर माझ्या सोयीचे पोते मी त्याच्या पाठीवर ठेवले. ओपनडॉक्युमेंट हे खुले स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांचे उत्तरदायित्व याबाबतीत माझ्याहून मोठे, कारण त्यांना नाही म्हणण्याची सोय नागरिकाला नसते. केरळने आपल्या शाळांतून मोकळ्या प्रणाली आणल्या, ही गोष्ट मला म्हणूनच आदराची वाटते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. विंडोज ११ ला सुरक्षेची एक ठरावीक चकती आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. शेजाऱ्यांच्या यंत्रात दोन्ही नव्हते. यंत्र धडधाकट होते. धडधाकट लोखंड भंगारात घालायचे म्हटल्यावर त्यांच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला, आणि त्यांनी स्वतः पोराला बोलावले. आता त्यांच्या यंत्रावर दोन्ही प्रणाली आहेत. सुरू करताना ते विचारते, कुठे जायचे? पत्रे आणि हिशेब ते लिनक्सवर करतात. विंडोज एका जुन्या स्कॅनरपुरती ठेवली आहे, आणि तिच्यात असताना इंटरनेटची तार ते स्वतःच्या हाताने काढून ठेवतात.