गुणाचे निमंत्रण आणि माणसाचे स्वागत

विद्वानास सर्व देशांत मान मिळतो, असे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि तो मान देण्यापूर्वी आजची राष्ट्रे विद्वानाची परीक्षा घेतात, त्यास मुदत घालून देतात आणि प्रसंगी त्याचे मोलही ठरवितात. अमेरिकेने 1990 च्या कायद्याने असामान्य गुणवत्तेच्या परदेशीयांसाठी ओ-1 नावाचा निराळा व्हिसा निर्माण केला. इतर कुशल पदवीधरांसाठी एच-1बी असून त्याची वार्षिक मर्यादा सामान्यतः 65,000 आणि अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांकरिता आणखी 20,000 अशी आहे. ब्रिटननेही 2020 साली गुणवंतांसाठी असेच एक दार उघडले. पुढे 2025 च्या सप्टेंबरात एच-1बीच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलर आकारण्याचा हुकूम अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढला, तेव्हा आमच्या सुशिक्षित कुटुंबांत मोठी खळबळ उडाली. ती स्वाभाविकच होती. परंतु शुल्काच्या आकड्यामागे एक नीतीचा प्रश्न उभा आहे, त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. माणसाचा गुण तेवढा हवा आणि माणूस नको, असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे काय?

आपल्या घरी कोणास घ्यावे हे घरधन्याने ठरवावे, हे आम्हांस मान्य आहे. कोणत्याही राष्ट्राने सरसकट सर्वांस दार उघडावे, अशी सक्ती कोणी करू शकणार नाही. प्रश्न नकाराचा नसून निमंत्रणाचा आहे. ज्यास आपण होऊन बोलाविले, त्याचे आपण काय लागतो, एवढेच पाहावयाचे आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाही. हा मुलूख बहामनी सुलतानांच्या सत्तेखाली होता, तेव्हा त्यांनी इराण व मध्य आशिया येथील कर्तबगार पुरुषांस आश्रय दिला. या आफाकींचा व येथल्या दखनी सरदारांचा कलह इतिहासप्रसिद्ध आहे. महमूद गवान हा असाच गिलान प्रांतातून आलेला व्यापारी. तो वजीरपदास चढला, त्याने 1472 साली बिदरचा मदरसा उभारला. परंड्याचा किल्लाही त्यानेच बांधविला, असे परंपरा सांगते. त्याने दोन्ही पक्षांचा तोल सांभाळला, तरी 1481 साली एका बनावट पत्रावरून, कसलीही शहानिशा न होता, त्या वृद्धाचा शिरच्छेद झाला. गुण स्वीकारला होता, माणूस परकाच राहिला होता. म्हणून संशयाचा पहिला वारा सुटताच इतक्या वर्षांची सेवा निरुपयोगी ठरली. आज तलवार नाही, कागद आहे. नोकरी सुटली की एच-1बीवाल्यास बहुधा साठ दिवसांच्या आत दुसरा मार्ग शोधावा लागतो. मग त्याची मुले तेथेच का जन्मलेली असेनात!

दुसरा दाखलाही परंड्याचाच आहे. 1600 साली अहमदनगर पडल्यावर मलिक अंबराने निजामशाहीच्या वारसास याच ठिकाणी गादीवर बसविले. हा अंबर हबसाणात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला जात जात दक्षिणेत पोहोचला. त्या काळी वेशीवर गुणवत्तेची परीक्षा असती, तर या गुलामाजवळ दाखविण्यासारखे प्रशस्तिपत्र कोणते होते? पुढे मोगलांस जेरीस आणणारा सेनानी आणि जमीनमहसुलाची घडी बसविणारा मुत्सद्दी तो येथेच झाला. त्यास आणणाऱ्यांचे हे औदार्य होते, असे मात्र कोणी समजू नये. गुलामगिरी ती गुलामगिरीच. येथे मुद्दा एवढाच की, गुण हा तयार मालासारखा आयात करण्याचा पदार्थ नव्हे. सिद्ध झालेला गुण तेवढा निवडणारे राष्ट्र दुसऱ्याने पेरलेल्या शेतातील कणसे खुडत असते.

स्थानिकांच्या गाऱ्हाण्यातही तथ्य असते, हे आम्ही विसरत नाही. निजामाच्या राज्यात बाहेरच्यांनी नोकऱ्या बळकावल्याची ओरड होती, आणि 1919 च्या मुल्की नियमांचा जन्म त्यातून झाला. बाहेरच्याने मुल्की ठरण्यास पंधरा वर्षे राज्यात राहावे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडावा, अशी त्यांत अट होती. अट कडक खरी, पण तिच्या पोटात एक वचन होते: इतके दिवस राहशील तर तू आमचा. उलट अमेरिकेत कायम वास्तव्याच्या परवान्यांतील कोणत्याही एका देशाचा वाटा सुमारे सात टक्क्यांवर जाऊ दिला जात नसल्याने अनेक भारतीय पंधरा वर्षे काम करूनही रांगेतच उभे असतात. जे वचन एका सरंजामी संस्थानाने दिले, ते लोकशाही राष्ट्राने देऊ नये, हे विपरीत नव्हे काय?

तेव्हा आमचा निष्कर्ष असा: नकार देण्याचा हक्क राष्ट्रास आहे, अर्धा माणूस घेण्याचा नाही. ज्याचे श्रम दीर्घकाळ घेतले, त्यास कधी ना कधी आपला म्हटलेच पाहिजे.

परंतु हे माप अमेरिकेस लावताना घरचाही विचार व्हावा. याच जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता चालविण्याचे त्यांचे कसब हवे असते. त्यांची पाचटाची खोपी, आजारी बाई, शाळा सुटलेले पोर कोणास नको असते. हंगाम संपला की त्यांचीही मुदत संपते. आपल्या पदवीधर मुलास परदेशात माणूस म्हणून वागवावे, अशी अपेक्षा करणाऱ्या गृहस्थाने आपल्या चहातील साखर कोणी तोडली, याची एकदा चौकशी करावी. त्यानंतर त्याने केलेल्या तक्रारीस अधिक वजन येईल.