लॅपटॉपवरची चिठ्ठी

दिल्लीच्या पहाडगंजातल्या एका मराठी मंडळाने २०२२ च्या गणपतीआधी नेहरू प्लेसमधून दोन जुने लॅपटॉप आणले. एक वर्गणीच्या हिशेबाला, दुसरा पत्रिका करायला. दोन्हींवर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली चढवायचे ठरले. पहिला मंडळातल्या मामांकडे गेला, दुसरा त्यांच्या भाच्याकडे.

डेबियनच्या भांडारात तेव्हा तीन दालने होती. ‘मेन’मध्ये मुक्त सॉफ्टवेअर: वापरा, कोड वाचा, बदला, वाटा. ज्यांच्या परवान्यात यातले काही अडते, ती ‘नॉन-फ्री’त. आणि स्वतः मुक्त असून अशांच्या टेकूवर उभी असलेली ‘कॉन्ट्रिब’मध्ये. एकादशीला मामी साबुदाण्याचा झारा वेगळा ठेवतात, तसलाच हा प्रकार. कांदा घरात असतोच. कशात काय गेले ते ठाऊक असले म्हणजे झाले.

पहिल्याच दिवशी वायफाय अडले. चिपच्या आत चालणारे इंटेलचे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, नॉन-फ्रीत होते. मामा कुरकुरले, ते दालन उघडले, तेवढे एकच पॅकेज घेतले आणि लॅपटॉपच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: ‘यात वायफायचे फर्मवेअर मुक्त नाही.’ भाच्याने तिन्ही दालने उघडली आणि दिसेल ते चढवत गेला. अध्यक्षांच्या आवडीचा विकतचा मराठी फॉन्ट कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आला. खरे सांगायचे तर भाच्याचाच लॅपटॉप जास्त झकास चालायचा.

विसर्जनानंतर गुरुग्रामच्या मंडळाचा फोन आला. आम्हालाही असेच करून द्या, डिस्कची नक्कल चालेल.

मामांनी दोन्हींवर ‘व्हीआरएमएस’ चालवला. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या नावाची थट्टा करणारा हा छोटा प्रोग्राम, बसवलेल्यांपैकी मुक्त नसलेली पॅकेजेस मोजून दाखवतो. मामांच्या पडद्यावर एक नाव आले. भाच्याच्या पडद्यावर यादी सरकतच राहिली.

“पण मामा, फॉन्ट यात दिसतच नाही.”

“पॅकेज म्हणून आला असता तर दिसला असता.”

गुरुग्रामला मामांच्या डिस्कची नक्कल गेली, सोबत चिठ्ठीचीही. भाचा एकेक परवाना वाचत बसला. फॉन्टचा तर कागदच नव्हता.

जेएनयूत शिकणारी भाची म्हणाली, “मग पूर्ण मुक्त असलेलं ट्रिस्क्वेलच का नाही? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर डेबियनलाही मान्यता देत नाही.”

“असल्या फर्मवेअरशिवाय चालणारं वायफाय कार्ड आण, आत्ता चढवतो,” मामा म्हणाले. कार्ड कुणी आणले नाही.

मुक्त नसलेल्या फर्मवेअरचा हाच पेच डेबियनच्या विकसकांपुढेही होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान होऊन असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच द्यायचे ठरले. १० जून २०२३ ला डेबियन १२ आले, तेव्हा त्याला ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असे चौथे दालन मिळाले होते. एका चिपसाठी सगळे नॉन-फ्री उघडायची गरज उरली नाही. पुढच्या गणपतीआधी दोन्ही लॅपटॉप भाच्यानेच अद्ययावत केले. मेनच्या पुढे तेवढे एक दालन ठेवले. पत्रिका ‘मुक्ता’ या मुक्त फॉन्टमध्ये केली.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. “अक्षर जरा बारीक वाटतंय रे.”

“काका, याच्या सात जाड्या आहेत, हवी ती घेऊ. गुरुग्रामवाल्यांनाही पाठवून दिलाय.”